तुझ्या मानेवर एकही पुटकुळी नव्हती

अण्णा,

तुला शेवटची आंघोळ घालताना मी तुझी मान पाहिली, आणि रडू यायच्या ऐवजी मला राग आला.

मान साफ होती. हनुवटीखाली, घाटीच्या दोन्ही अंगांना, पार कानांपर्यंत एक पुटकुळी नाही. जुने काळे डाग फिके पडलेले, आणि शस्त्रक्रियेचा तो बोटभर व्रण तेवढा राहिलेला. मी ओला पंचा हातात धरून बघतच राहिलो. भटजी हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश करा, पण थांबू नका." त्यांना वाटलं मला भरून आलंय. मी मनात म्हणत होतो, लबाडा, कधीपासून?

तुला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी दिला. दोन वर्षं तुझ्याशी एक शब्द न बोललेल्या धाकट्या भावाने. कावेरीच्या घाटावर माणसं मला सांगत होती, "भाऊ असावा तर असा." मी मान हलवत होतो. अशा वेळी दुसरं काय करणार?

आज तेरावा झाला. पाहुणे गेले. मी हे पुस्तकी मराठीत लिहितोय, म्हणजे तू असतास तर पहिल्या ओळीलाच हसला असतास. आपल्या घरातलं मराठी लिहायला घेतलं की माझं मलाच वाचता येत नाही. बाहेर तमिळ, घरात ते पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आणलेलं मराठी, आणि भांडताना दोन्ही. तू भांडण संपवायचास ते मात्र नेहमी तमिळमध्ये. "पोदुम्." पुरे. एवढं म्हणून उठून जायचास आणि मी उरलेलं भांडण भिंतीशी करायचो. आता तेच करतोय.

आपल्या घराण्याची दाढी वाईट. राठ, आणि केस असा कुरळा की बाहेर आलेला परत आत वळतो. दाढी करणं मला तूच शिकवलंस. मी सतरा वर्षांचा होतो, मागच्या अंगणात विहिरीजवळ तू मला स्टुलावर बसवलंस. थंड पाणी, साबणाची वडी, आणि तू आधीच आठ दिवस वापरलेलं ब्लेड. "कातडं ताण. उलट्या हातानं खालून वर घे. दाब. तीन वेळा फिरव. गालावरून बोट फिरवलं तर लोण्यावानी लागलं पायजे." आणि वर तुरटी. तिसऱ्या दिवशी माझी मान फणसासारखी झाली. मी आरशात बघून घाबरलो, तर तू म्हणालास, "पुरुष झालास. असंच असतं."

असंच नसतं, अण्णा. हे मला कळायला दहा वर्षं लागली आणि तुला सांगायला तीस.

मी औषधाच्या दुकानात लागलो. तिथे दर गुरुवारी तंजावरहून चामडीचे एक डॉक्टर येऊन मागच्या खोलीत रोगी तपासायचे. एका गुरुवारी रोगी संपल्यावर त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "थोरल्या भावाने." ते म्हणाले, "त्याची मान कशी आहे?" मी म्हणालो, "माझ्याहून वाईट." ते हसले नाहीत. त्यांनी मला बसवून समजावलं. कातडं ताणून उलट्या हाताने घासलं की केस कातडीच्या आत तुटतो. कुरळा केस मग वाढताना बाहेरचा रस्ता चुकतो, आतच वळतो, आणि शरीर त्याला काट्यासारखं समजून सुजतं. उपाय साधा आहे, फक्त धीर पाहिजे. आधी कोमट पाण्याने केस मऊ होऊ द्यायचे, फेस दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्यायचा. ब्लेड धारदार हवं. कातडं ताणायचं नाही, दाबायचं नाही. केस ज्या दिशेला जातो त्याच दिशेला, सुलट्या हाताने, एकदाच. प्रत्येक ओढीला ब्लेड पाण्यातून काढायचं. शेवटी गार पाणी. आणि लोण्याचा हट्ट सोडायचा. बोटाला थोडं खरखरीत लागलं तर लागू द्यायचं.

महिन्याभरात माझी मान निवळली. पूर्ण नाही. डाव्या जबड्याखाली दोन-तीन पुटकुळ्या राहायच्याच, त्याला मी कुंभकोणमच्या दमट हवेला बोल लावायचो. पण बाकी साफ. मी धावत तुझ्याकडे आलो. मला खरंच वाटलं होतं तू खूश होशील.

तू रेझर धुत होतास. मी सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "डाक्टर मला शिकवणार? मी पंधरा वर्षं दाढी करतों, कोण मेलं?"

तिथून सुरुवात झाली. त्यानंतर किती वेळा झालं हे भांडण? पोंगलला झालं. अप्पांच्या वर्षश्राद्धाला झालं. तिरुविडैमरुदूरच्या रथोत्सवात, एवढ्या गर्दीत, तू मान खाजवताना दिसलास म्हणून झालं. वहिनी तर आपल्या दोघांच्या हातात कॉफीचे डबरे, ते पितळी पेले, द्यायची आणि म्हणायची, "आज मानेवर बोलायचं नाही." आणि आपण पाच मिनिटांत मानेवर.

तुझंही एक खरं होतं. तू लॉजच्या काउंटरवर होतास. नवग्रहांच्या यात्रेला आलेली माणसं पहाटे पाचला बसमधून उतरायची आणि पहिला चेहरा तुझा बघायची. मालकाचा नियम होता, काउंटरवर खुंट दिसता कामा नये. तुला त्या काउंटरचा अभिमान होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गंध, गुळगुळीत गाल. कोणत्या देवळाला आधी जायचं, कुठे चप्पल काढायची, पट्टीश्वरम्हून परतीची बस कुठे उभी राहते, हे तू चार भाषांत सांगायचास. कॉलरखाली मान मात्र रोज पेटलेली. रात्रपाळी असो, ताप असो, तू दाढी चुकवली नाहीस. मी म्हणायचो, "एक दिवसाआड कर." तू म्हणायचास, "तुझं दुकान. तिथं लोक रोग घेऊन येतात, तुझं तोंड कोण बघतो?"

हे लागलं होतं मला. आज सांगतो.

मग ते गळू. आत गेलेला केस तू सुईने उकरलास. किती वेळा सांगितलं होतं सुई लावू नकोस म्हणून. त्यात तुझी साखर वाढलेली. चार दिवसांत मान एका बाजूला लिंबाएवढी सुजली, ताप चढला, आणि वहिनीने मला दुकानात फोन केला तेव्हा तुला गिळता येत नव्हतं. शस्त्रक्रिया झाली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, अजून दोन दिवस काढले असते तर विष रक्तात गेलं असतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी आत आलो, तुझ्या मानेला पट्ट्या, आणि तू डोळे उघडून काय म्हणालास? "सुई जुनी होती."

सुई जुनी होती. आजही ते आठवलं की मला कपाळ बडवावंसं वाटतं.

डॉक्टरांनी सहा महिने मानेला ब्लेड लावायचं नाही म्हणून सांगितलं. तुझी दाढी वाढली, पांढरी, दाट. मला वाटलं चला, सुटलो. पण मालकाने तुला काउंटरवरून काढून आतल्या खोलीत चादरींच्या नोंदी करायला बसवलं. तीस वर्षांनंतर. तू घरी काहीच बोलला नाहीस. पांढरा शर्ट घालणं मात्र बंद केलंस, हे वहिनीने मला सांगितलं. मी तेव्हा तुझ्याकडे यायला हवं होतं. आलोही. पण आलो ते दाढीवर बोलायला.

आणि मग तुझ्या लेकीचं, जानकीचं लग्न.

ती सकाळ मी मनात इतक्या वेळा फिरवलीय की आता ती गुळगुळीत झालीय, तुला हवी तशी. लग्नाचं कार्यालय, मुहूर्ताला दोन तास, बाहेर नादस्वरवाले वाद्यं जुळवत होते. तू मला खुणेने बोलावलंस, न्हाणीघरात घेतलंस आणि कडी लावलीस. वेष्टी नेसलेला, उघडा, गळ्यात टॉवेल. दाढी कात्रीने बारीक केलेली. हातात नवं रेझर, नवं ब्लेड, कोमट पाण्याची बादली. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "दाखव. कोणाला बोलूं नको."

अण्णा, तीस वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो. दाखव. एवढंच. मला फक्त दाखवायचं होतं. हात हलवायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

मी ब्रशने फेस केला, तुला लावला. पहिली ओढ उजव्या गालावर, वरून खाली. दुसरी. आणि मी सुरू झालो. "बघ, दाबतोय का मी? नाही. तेव्हा ऐकलं असतंस तर? फणसासारखी मान घेऊन हिंडलास तीस वर्षं." मी डाव्या बाजूला आलो. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, मी म्हणालो, "हलू नको, लागेल. आता तरी ऐक." आणि मग ते म्हणालो. "तुझ्या हट्टापायी काउंटर गेलं. माझ्यामुळे नाही, मालकामुळे नाही. तुझ्यामुळे."

तू माझं मनगट धरलंस. जोरात नाही. रेझर माझ्या हातातून काढून घेतलंस. उरलेली अर्धी दाढी तू माझ्यासमोर, आरशात माझ्याकडे बघत, उलट्या हाताने केलीस. कातडं ताणून, दाबून, तीन वेळा. व्रणाच्या कडेने रक्त आलं. मग तू टॉवेल टाकलास आणि म्हणालास, "पोदुम्."

लग्नाच्या सगळ्या फोटोंत तुझ्या मानेवर कापसाचे तीन तुकडे आहेत. कन्यादान करताना, जावयाचे पाय धुताना, जेवणाच्या पंगतीत. जानकीला वाटलं घाईत कापलं. वहिनीने मला विचारलं आणि मी म्हणालो, "त्यालाच विचार."

त्यानंतर दोन वर्षं. मी तुझ्या पाळ्या माहीत करून घेऊन, तू नसताना वहिनीला भेटायला यायचो. तू मला फोन केला नाहीस, मी तुला केला नाही. वर्षभराने दुकानात कोणीतरी सांगितलं की तू काउंटरवर परत बसतोस. मला वाटलं मालकाला दया आली असेल. इतकं वाटलं, आणि मी त्या माणसाला खोकल्याचं औषध देऊन मोकळा झालो. तू परत काउंटरवर कसा बसलास, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

मग त्या सकाळी वहिनीचा फोन. तू कॉफी पिऊन खुर्चीत मागे टेकलास आणि डबरा हातातून पडला. मी पोचलो तेव्हा कॉफी अजून फरशीवर होती.

नवव्या दिवशी मी आणि निखिल तुझ्या घराच्या तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, बसलो होतो. तुझा जावई चांगला आहे, अण्णा. नाशिकचा पोरगा, चेन्नईत मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात उभा असतो, आणि आपलं मराठी ऐकून त्याला हसू येतं ते तो दाबतो. मी सवयीने गालावरून हात फिरवत होतो. सुतकात नऊ दिवस वस्तरा लागला नव्हता. तो म्हणाला, "काका, तुम्हाला त्रास होतो का पुटकुळ्यांचा? मला भयंकर व्हायचा. हॉटेलात रोज दाढी करावीच लागते. बाबांनी मला त्यांची पद्धत शिकवली."

"कोणाची पद्धत?"

"बाबांची. त्यांनी स्वतः शोधून काढली."

बाबा म्हणजे तू. मी तिण्णैच्या खांबाला टेकलो. तो सांगू लागला. आधी कोमट पाणी. फेस तीन मिनिटं तसाच ठेवायचा, घाई करायची नाही. ब्लेड धारदार. कातडं ताणायचं नाही, दाबायचं नाही. सुलटा हात, एकदाच. प्रत्येक ओढीला ब्लेड पाण्यातून. शेवटी गार पाणी. केस आत गेला तर सुई लावायची नाही, दोन-चार दिवस वस्तरा बाजूला ठेवायचा, केस आपला बाहेर येतो. आणि लोण्याचा हट्ट सोडायचा.

लोण्याचासुद्धा. शब्दन् शब्द माझा. तू ऐकत होतास तर. पोंगलला, वर्षश्राद्धाला, रथोत्सवात, प्रत्येक वेळी ऐकत होतास, आणि माझ्या तोंडावर "कोण मेलं?" म्हणत होतास. माझ्या जिभेवर आलं होतं, अरे निखिल, हे सगळं मी सांगितलंय त्याला, तीस वर्षं घसा फोडून सांगितलंय. अगदी ओठांपर्यंत आलं.

मी म्हणालो, "मग?"

त्याला आनंद झाला. शिकवणाऱ्याला होतो तसा. तो पुढे सरकून बसला. "मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. सगळे सांगतात वरून खाली. बाबा म्हणाले ते चूक आहे. दाढी थोडी वाढू द्यायची आणि बोट फिरवून बघायचं, कुठे केस कुठल्या दिशेला जातो ते. प्रत्येक जागी वेगळा असतो. त्यांचा डाव्या जबड्याखाली खाली जातच नव्हता, आडवा कानाकडे जायचा. तिथे वरून खाली ओढलं की ते उलट्या हातासारखंच. बघा ना तुमचा कसा आहे ते."

मी डाव्या जबड्याखाली बोट लावलं. नऊ दिवसांची दाढी. वरून खाली फिरवलं तर अडलं. कानाकडे फिरवलं, आणि बोट सरळ घसरत गेलं.

दमट हवा म्हणे. तीस वर्षं मी तिथे दोन-तीन पुटकुळ्या पाळल्या आणि हवेला बोल लावला. डॉक्टरांनी मला "केस जातो त्या दिशेला" म्हणून सांगितलं होतं, मी त्याचं "वरून खाली" करून टाकलं आणि तेच सगळ्यांना सांगत सुटलो. त्या न्हाणीघरात मी डाव्या बाजूला आलो तेव्हा तू तोंड उघडलं होतंस. तुला लागत होतं. मी हलू नको म्हणालो.

मी हसायला लागलो आणि मग मला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. निखिल घाबरून उठला. वहिनी दारात आली. नऊ दिवसांत तिने माझ्यासमोर डोळे पुसले नव्हते, नुसती कामं करत होती. तिने विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "अण्णाचं बरोबर होतं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि ते वहिनीला ऐकवलं, तुला नाही.

वहिनी अशी चिडली की तसं चिडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "आणि हे त्यांना सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला? आं? लग्नानंतर वर्षभर आरशासमोर बसून बसून त्यांनी ती मान बरी केली. बोटानं चाचपायचे, वहीत नकाशा काढायचे. मी म्हटलं, भावाला दाखवा. तर म्हणे, मी जाऊन दाखवणार नाहीं, त्याला दिसूं दे. रोज तुमच्या दुकानाच्या वेळेला दाढी करून शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून इथं तिण्णैवर बसायचे. याच खांबाला टेकून. साडेनऊ ते दहा. पेपर हातात, नजर रस्त्याकडे. पावसातसुद्धा. मी विचारलं की म्हणायचे, वारा घेतों."

वहिनी आत गेली. भांडी जोरजोरात ठेवल्याचा आवाज येत राहिला.

माझं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे. दुकानाला जायचा सरळ रस्ता तुझ्या दारावरून जातो. चार मिनिटं लागतात. पण लग्नानंतर मी, तू दिसू नयेस म्हणून, तळ्याला वळसा घालून मागच्या बाजूने जायचो. दोन वर्षं, रोज, बरोबर साडेनऊला, उन्हात, छत्री घेऊन.

तो रस्ता वीस मिनिटांचा आहे, अण्णा.